जिची बॅट रिकामी फिरत नसे

मैत्रिणींनो, आधी एक हिशेब बघा. एक मुलगी दहा हंगाम व्यावसायिक बेसबॉल खेळली. या दहा हंगामांत तिच्या नावावर ३७३६ डाव लागले. म्हणजे निदान तितक्या वेळा ती बॅट घेऊन चेंडूसमोर उभी राहिली. आणि तीन संधी वाया घालवून तिला तसंच परत यावं लागलं ते किती वेळा? फक्त ८१ वेळा! सरासरी काढली तर ४६ डावांत एकदा.

या मुलीचं नाव डोरोथी कॅमेनशेक. मैत्रिणी तिला डॉटी म्हणायच्या, मैदानावर ती कॅमी होती. अमेरिकेत बायकांनी बेसबॉल खेळायचा तो हौसेपुरता, असं समजलं जायच्या काळात ती पगारी खेळाडू झाली. तिने नाव काढलं, आणि मैदान सुटल्यावर रडत न बसता दुसरं आयुष्य तितक्याच नेटाने उभं केलं. तिची ही गोष्ट.

आपल्याला बेसबॉल तसा परका. पण आपल्याकडे शाळा-कॉलेजातल्या मुली सॉफ्टबॉल खेळतात ना, त्याचंच हे थोरलं भावंड. बॅट मुसळासारखी गोल. समोरून पिचर चेंडू फेकते, तो टप्पा न पडता थेट अंगावर येतो. मारण्याजोगा चेंडू हुकला किंवा सोडून दिला की एक स्ट्राइक. असे तीन झाले की खेळाडू बाद. याला म्हणतात स्ट्राइक आउट. चेंडू बॅटला लागून मैदानात गेला तर मात्र पळत सुटायचं, पहिला बेस गाठायचा, मग दुसरा, तिसरा, आणि फिरून पुन्हा घरी.

आता काही खेळाडू जिवाच्या आकांताने बॅट फिरवतात. लागला तर चेंडू थेट प्रेक्षकांत, नाही लागला तर बॅट हवेत. डॉटीची रीत वेगळी. चेंडू शेवटपर्यंत बघायचा, त्याला बॅट लावायचीच आणि जिथे कुणी उभं नाही तिथे तो काढायचा. चेंडू एकदा मैदानात गेला की समोरच्या नऊ जणींना काम लागतं. कुणीतरी तो अडवायचा, उचलायचा, अचूक फेकायचा. त्यात कुठेतरी चूक होते, नाहीतर उशीर होतो, आणि तेवढ्यात पळणारी बेसवर पोचलेली असते.

नॉरवूडची मुलगी

डॉटीचा जन्म २१ डिसेंबर १९२५ चा, अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या नॉरवूड गावचा. सिनसिनाटी या मोठ्या शहराला लागून असलेलं हे गाव. आईवडील रुमानियातून आलेले. नवा देश, नवी भाषा. त्यात डॉटी नऊ वर्षांची असताना वडील गेले. ते दिवस महामंदीचे. अमेरिकेत लाखो लोक बेकार होते. अशा दिवसांत आईने तिला वाढवलं.

मुलगी मैदानात रमणारी. त्या भागात कारखान्यांच्या सॉफ्टबॉल स्पर्धा चालायच्या, त्यात ती लहान वयातच खेळू लागली. डावखुरी होती, पायात वेग होता. पण या खेळाचं पुढे काही होईल, असं कुणाच्या मनात असायचं कारण नव्हतं. मुलग्यांसाठी व्यावसायिक बेसबॉल होता. मुलींनी वयात आल्यावर खेळ सोडायचा, नोकरी बघायची, लग्न करायचं. हे आपल्याला काही वेगळं सांगायला नको!

च्युइंगगमवाल्याची काळजी

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. तरुण मुलं सैन्यात गेली, त्यांत बेसबॉलचे नावाजलेले खेळाडूही होते. फिलिप रिगली हे च्युइंगगमच्या कारखान्याचे मालक, शिकागोचा कब्ज हा बेसबॉल संघही त्यांच्याच मालकीचा. पुरुषच उरले नाहीत तर मैदानं ओस पडणार, याची त्यांना काळजी लागली. कारखान्यांत पुरुषांच्या जागी बायका कामाला लागल्याच होत्या. मग मैदानात का नकोत? या विचारातून १९४३ मध्ये मुलींची व्यावसायिक लीग सुरू झाली.

अमेरिका आणि कॅनडात माणसं पाठवून खेळणाऱ्या मुली हेरल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे २८० जणींना मे १९४३ मध्ये शिकागोच्या रिगली फील्ड मैदानावर शेवटच्या चाचणीला बोलावलं. निवड होणार होती फक्त ६० जणींची. एकेका जागेसाठी चार-पाच मुली. त्यांत नॉरवूडची सतरा वर्षांची डॉटीही होती.

ती निवडली गेली. इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड या कारखान्यांच्या गावाचा संघ तिच्या वाट्याला आला. संघाचं नाव रॉकफर्ड पीचेस. नवख्या मुलींना आठवड्याला ४५ डॉलरपासून पगार होता, तो ८५ पर्यंत जाई. त्या काळी ही रक्कम चांगलीच होती. ज्या खेळाबद्दल मुलींनी घरी बोलणी खाल्ली असतील, त्याच खेळाचे आता पैसे मिळणार होते.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. या लीगचं दार काळ्या मुलींसाठी बंद होतं आणि लीग संपेपर्यंत ते बंदच राहिलं. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू पुरुषांच्या मोठ्या लीगमध्ये आला, तरी इथे फरक पडला नाही. टोनी स्टोन या काळ्या खेळाडूला अखेर १९५३ मध्ये काळ्या पुरुषांच्या संघातून खेळावं लागलं. संधी आली होती, पण ती सगळ्याजणींना आली नव्हती.

लिपस्टिक आणि खरचटलेले गुडघे

मालकांना मुली खेळायला हव्या होत्या, पण त्या पुरुषी दिसता कामा नयेत, अशी त्यांची अट. म्हणून गणवेश काय, तर गुडघ्याच्या वर येणारा घेराचा आखूड झगा! बेसबॉलमध्ये बेस गाठायला जमिनीवर घसरत जावं लागतं. उघड्या पायांनी मातीवर घसरलं की मांडीची, गुडघ्याची साल निघायची. ती जखम भरतेय तोवर दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना.

पहिल्या दोन वर्षांत सराव संपल्यावर संध्याकाळी शिष्टाचाराचे वर्ग असत. कसं चालावं, कसं बसावं, चेहऱ्याची निगा कशी राखावी. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्रसिद्ध असलेल्या हेलेना रुबिनस्टाइन यांच्या संस्थेकडून हे धडे दिले जात. नियमांची यादी तर बघाच. केस आखूड कापायचे नाहीत. लिपस्टिक कायम हवी. चारचौघांत सिगारेट, दारू नाही. प्रत्येक संघासोबत एक देखरेखीची बाई. बाहेर कुणाबरोबर जायचं तर तिची परवानगी. नियम मोडला तर पहिल्यांदा पाच डॉलर दंड, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा संघाबाहेर.

आणि या सगळ्यासकट खेळ काही लुटुपुटूचा नव्हता. पहिल्याच मोसमात शंभराहून जास्त सामने झाले. मे महिन्यात सुरुवात, सप्टेंबरपर्यंत जवळजवळ रोज खेळ. रात्री सामना संपवायचा, बसमध्ये बसायचं, सकाळी दुसऱ्या गावात उतरायचं. सामन्याआधी दोन्ही संघ मैदानावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात उभे राहत. व्ही म्हणजे विजय. सैनिकांच्या छावण्यांतही त्या खेळायला जात. लोक सुरुवातीला झगे घातलेल्या मुली बघायला आले असतील, पण ते पुन्हा पुन्हा येत राहिले ते खेळ बघायला.

आरसा आणि उशी

डॉटी आली ती आउटफील्डची खेळाडू म्हणून, म्हणजे लांबचे चेंडू अडवणारी. पण मोसम सुरू होऊन थोडेच दिवस झाले आणि तिला पहिल्या बेसवर उभं केलं. ही जागा अवघड. मैदानातून कुणीही चेंडू उचलून फेकला की तो बहुतेक वेळा इथेच येतो. कधी डोक्यावरून, कधी पायाशी, कधी लांब बाजूला. एक पाय बेसवर ठेवून हात लांबवायचा आणि चेंडू झेलायचा. पाय सुटला तर बाद होणारी खेळाडू वाचते.

हे काम तिला नवं होतं. मग तिने काय केलं? खोलीत मोठ्या आरशासमोर जमिनीवर उशी टाकली. उशी म्हणजे बेस. आरशात बघत पाय डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे बदलायचा सराव ती करत राहिली. चेंडू नाही, बॅट नाही, बघायला कुणी नाही. पुढे तिच्या उड्या, तिचं ताणलेलं शरीर आणि बेसला चिकटलेला पाय बघायला लोक तिकीट काढून यायचे, त्याची तयारी अशी झाली होती.

फलंदाजीतही हाच चिवटपणा. तिचं एक खास अस्त्र होतं, बंट. म्हणजे बॅट न फिरवता चेंडूला नुसता हलका स्पर्श करायचा. चेंडू चार पावलांवर मरून पडतो आणि तो उचलायला कुणी धावत येईपर्यंत आपण पहिल्या बेसवर. यात ताकदीपेक्षा नजर लागते आणि पाय लागतात. डॉटी डावखुरी असल्याने पहिल्या बेसच्या बाजूलाच उभी असायची, त्यामुळे तिची दोन पावलं वाचायची. बेसवर पोचली की पिचरचं लक्ष चुकवून पुढचा बेस चोरण्यातही ती पटाईत. म्हणून संघ डावाची सुरुवात तिच्याकडून करायचा.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. तिच्या कारकिर्दीत खेळ एकसारखा राहिलाच नाही. १९४३ मध्ये चेंडू बारा इंच घेराचा होता आणि तो हात खालून फिरवून टाकायचा नियम होता. मग चेंडू लहान होत गेला, पिचर आणखी लांब गेली, बेसमधलं अंतर वाढलं. काही वर्षं हात बाजूने फिरवून चेंडू टाकायची मुभा होती. १९४८ पासून तर पुरुषांसारखी खांद्यावरून फेक सुरू झाली. १९४९ पर्यंत चेंडू दहा इंचांवर आला. खालून येणाऱ्या चेंडूला सरावलेल्या कितीतरी जणींना हा बदल जड गेला. डॉटीने दर वेळी नव्याने डोळा बसवला.

गावोगावी नाव

१९४६ मध्ये ती लीगची सर्वोत्तम फलंदाज ठरली. सरासरी होती ३१६. या खेळात सरासरी हजारात मोजतात. म्हणजे शंभरातले साधारण बत्तीस डाव तिने फटका मारून बेस गाठला. तुम्ही म्हणाल, शंभरात बत्तीस म्हणजे नापासच की! पण बेसबॉलमध्ये तीस पार केले तरी खेळाडूला मानतात, इतका तो फटका अवघड. पुढच्याच वर्षी ३०६ च्या सरासरीने तिने हा मान पुन्हा मिळवला. सात वेळा ती लीगच्या निवडक खेळाडूंच्या संघात होती. १९४५, १९४८, १९४९ आणि १९५० असं चार वेळा विजेतेपद रॉकफर्डकडे आलं, आणि या चारही वेळा ती संघात होती.

सगळे मोसम मिळून १०९० फटके आणि सरासरी २९२. लीगमध्ये वर्षानुवर्षं टिकलेल्या खेळाडूंत ही सरासरी सगळ्यात वरची मानली जाते.

१९४८ हे लीगचं भरभराटीचं वर्ष. चार संघांचे दहा झाले होते आणि मोसमात नऊ लाखांवर लोकांनी सामने पाहिले. न्यूयॉर्क यँकीज या नामांकित संघाचे एकेकाळचे फर्स्ट बेसमन वॉली पिप यांनी डॉटीचा खेळ पाहिला तेव्हा ते थक्क झाले. पहिल्या बेसवर इतका देखणा खेळ आपण पुरुषांत काय आणि बायकांत काय, पाहिलेला नाही, असं त्यांचं मत पडलं. ही बाई एक दिवस पुरुषांच्या मोठ्या लीगमध्येही खेळेल, असा त्यांचा होरा होता.

आणि एकदा खरंच तशी वेळ आली. फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलच्या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने तिला मागणी घातली. बाईने पुरुषांच्या संघात खेळायचं, केवढी मोठी बातमी! पण हा व्यवहार झाला नाही. लीगला आपली खेळाडू सोडायची नव्हती, आणि डॉटीलाही या बोलावण्याचा अर्थ कळत होता. तिकिटं खपावीत म्हणून आपल्याला नेऊन उभं करतील, खेळाडू म्हणून नाही, असं तिला वाटलं. साडेपाच फूट उंचीची, सडसडीत अंगाची ती. आपल्या ताकदीची मर्यादा ती ओळखून होती आणि आपली किंमतही. तमाशा व्हायला तिने नकार दिला.

पुढे काय झालं तेही बघा. जून १९५२ मध्ये हॅरिसबर्गच्या पुरुष संघाने एलेनॉर एंगल या तरुणीला करारबद्ध केलं. दोन-तीन दिवसांत बेसबॉलच्या कारभाऱ्यांनी तो करार रद्द केला आणि बायकांना करारावर घेण्यावर बंदीच घातली. दार किती किलकिलं होतं, ते सगळ्यांनाच दिसलं.

पाठीने दिलेली सूचना

रोजचे सामने, बसचा प्रवास, बेसवरच्या उड्या आणि घसरणं. डॉटीची पाठ दुखू लागली. दुखणं इतकं वाढलं की कमरेला आधाराचा पट्टा बांधून ती खेळायची. बाहेरून झगा आणि लिपस्टिक, आतून आवळलेला पट्टा! आणि गंमत म्हणजे, पट्टा बांधूनही तिची बॅट मंदावली नाही. १९५१ मध्ये तिची सरासरी होती ३४५. सगळ्या कारकिर्दीतली सगळ्यात जास्त.

अशा भरात असताना तिने पूर्ण वेळ खेळणं थांबवलं. तेव्हा ती २५ वर्षांची होती. लोक टाळ्या वाजवत होते, पगार चालू होता. पण पाठ फार दिवस साथ देणार नाही, हे तिला दिसत होतं. लीगचे दिवस भरत आलेत, हेही तिच्यासारख्या नजरेच्या बाईला जाणवलं असेल. युद्ध संपून पुरुष परतले होते. टीव्ही घरोघर येत होता, पुरुषांचे सामने घरबसल्या दिसत होते. मैदानावरची गर्दी वर्षागणिक ओसरत होती. १९५३ मध्ये ती थोडे दिवस पुन्हा रॉकफर्डकडून खेळली, तेवढंच. १९५४ चा मोसम संपला आणि लीग कायमची बंद पडली. बारा वर्षांत सहाशेवर मुली तिथे खेळून गेल्या होत्या. बहुतेक जणी आपापल्या गावी परतल्या आणि नोकरीला, संसाराला लागल्या.

डॉटी मात्र वह्यापुस्तकं घेऊन बसली. मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात तिने फिजिओथेरपीचा अभ्यास केला आणि १९५८ मध्ये पदवी घेतली. तेव्हा ती ३२ वर्षांची होती. पाठीच्या दुखण्यानेच तिला या वाटेवर आणलं असेल, तर नवल नाही. दुखरं अंग कसं हलवायचं, कुठे आधार द्यायचा, धीर कसा धरायचा, हे तिला पुस्तकाआधी अंगाने शिकवलं होतं.

आधी ओहायोत, मग कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस परगण्याच्या सरकारी सेवेत तिने काम केलं. अपंग मुलांवर उपचार करणाऱ्या विभागात ती वरच्या पदावर पोचली आणि १९८० मध्ये निवृत्त झाली. म्हणजे मैदानावर दहा हंगाम आणि या कामात वीस वर्षांहून जास्त काळ. मुलांचं एकेक पाऊल, एकेक बोट हलतं करायचं हे काम. त्याला टाळ्या नसतात आणि एका फटक्यात काही होत नाही. रोज थोडं थोडं करावं लागतं. हा धीर तिच्यापाशी होताच.

उशिरा आलेली ओळख

लीग बंद पडल्यावर लोक तिला विसरून गेले. कित्येक खेळाडूंच्या मुलाबाळांनाही आपली आई एकेकाळी पगारी बेसबॉल खेळत होती, याचा पत्ता नव्हता. नोव्हेंबर १९८८ मध्ये कूपर्सटाऊनच्या बेसबॉल संग्रहालयात बायकांच्या खेळावर दालन उघडलं, तेव्हा या मुलींची नावं पहिल्यांदा तिथे झळकली. १९९२ मध्ये दिग्दर्शिका पेनी मार्शल यांचा ‘अ लीग ऑफ देअर ओन’ हा सिनेमा आला आणि रॉकफर्ड पीचेस हे नाव जगभर गेलं. त्यातली जीना डेव्हिसने रंगवलेली डॉटी ही नायिका काही अंशी आपल्या डॉटीवरून बेतलेली, असं मानतात. सिनेमातली डॉटी एका मोसमानंतर नवऱ्यासोबत घरी जाते. खरी डॉटी दहा हंगाम खेळली, हा फरक लक्षात ठेवायला हवा. विसावं शतक संपताना स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या क्रीडा साप्ताहिकाने शतकातल्या शंभर थोर महिला खेळाडूंची यादी केली, त्यात तिचं नाव घेतलं. तिची शेवटची बॅट ठेवून तेव्हा पंचेचाळीस वर्षं होऊन गेली होती.

१७ मे २०१० रोजी कॅलिफोर्नियातल्या पाम डेझर्ट इथे डॉटी गेली. तेव्हा ती ८४ वर्षांची होती.

तिला मिळालेली संधी उसनी होती. पुरुष लढाईवर गेले म्हणून काही दिवसांपुरती मिळालेली, आखूड झग्याच्या आणि लिपस्टिकच्या अटीवर मिळालेली. अशा संधीला नावं ठेवून घरी बसता आलं असतं. किंवा नशिबाने आलंय तर मजा करून घेऊ, असंही म्हणता आलं असतं. डॉटीने समोर आलेला चेंडू बघितला, तो कसा का येईना, आणि त्याला बॅट लावली. नियम बदलले, चेंडू बदलला, पाठ गेली, लीगही गेली. दर वेळी जे समोर आलं, ते तिने रिकामं जाऊ दिलं नाही. ३७३६ मधले ८१ हा आकडा खेळाच्या पुस्तकात नोंदवलेला आहे. तिच्या हातून चालायला, हात हलवायला शिकलेल्या मुलांचा आकडा मात्र आपल्याला कुठल्याच तक्त्यात सापडणार नाही.